उलटी खेप

भरमाच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. ती आजाराची नव्हती, कावडीची होती. बांबू रोज एकाच जागी बसला की खांदा आधी सोलवटतो, मग निबर होतो आणि शेवटी तक्रार सोडून बांबूला कायमची बैठक करून देतो. गल्लीतल्या बायका म्हणत, "भरमा, डाक्टरला दाखीव की रं ती गाठ." भरमा म्हणे, "आणि ती गेली तर कावड कुठं ठिवू?"

बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत जिनदत्त आण्णांचं घर होतं आणि भरमा त्या घरचा पाणक्या. आण्णा तंबाखूचे अडते. किडामुंगी मरू नये म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणारं, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत न घेणारं ते घर साऱ्या मुलखाला तंबाखू पुरवायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. निपाणीकडून पोती घेऊन आलेल्या एका गाडीबरोबर भरमा तरणाताठा असताना बेळगावात आला. पोती उतरली, गाडी परत गेली, भरमा राहिला. तोही जैनच, त्यामुळं त्याच्या हातचं पाणी चालायचं. जिन्याखाली घोंगडं अंथरण्यापुरती जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं. त्याच्या लग्नाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आपणहून आठवण करून द्यायची त्याला लाज वाटली. असं करता करता डोक्यावरचे केस पांढरे झाले.

घरात शब्द चालायचा तो पद्मावतीआक्कांचा, म्हणजे आण्णांच्या आईचा. आण्णा त्यांना अव्वा म्हणत, बाकी सगळी गल्ली आक्का म्हणायची. बाई देहानं पाखराएवढी, पण पाण्याच्या बाबतीत फौजदार. भरमानं पहाटे अंघोळ करायची, ओल्या धोतरानं जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, आवारातल्या विहिरीवर जायचं, वाटेत कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. कावड आली की आक्का जाड दुपदरी कापडातून पाणी गाळायच्या. इथवर नवल नाही, जैनाघरी पाणी गाळूनच पितात. खरं काम पुढं असे. गाळणं उलटं करून आक्का ते थोड्या गाळलेल्या पाण्यानं एका लोटीत खळबळून घेत. कापडाला अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव लोटीत उतरतात. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत सोडायची असते. तीही वरून ओतून चालत नाही, उंचावरून पडून जीव दगावतात. तळाला कडी असलेली छोटी बादली दोरीनं पार पाण्यापर्यंत उतरवायची. ती टेकली की अलगद कलते आणि मंडळी आपापल्या घरी पोचतात.

म्हणजे भरमा विहिरीवरून येताना घागरी आणायचा आणि जाताना लोटी न्यायचा. एवढ्या वर्षांत त्या लोटीत काही हललेलं त्याला कधी दिसलं नव्हतं. पण आक्का लोटी हातात देताना म्हणायच्या, "जपून ने रं, लई जीव हाईत त्यात," आणि तो खरोखर जपून न्यायचा. घागरीतलं पाणी वाटेत डचमळलं तर त्याला फिकीर नसे, लोटीतलं डचमळू द्यायचा नाही.

सन तीसच्या सुमाराला जिनदत्त आण्णा म्युनिसिपालिटीत निवडून आले. निवडून आलेल्या माणसाला काहीतरी बांधावं लागतं, ते जमलं नाही तर निदान खणावं तरी लागतं. आण्णांनी गल्ली खणायला घेतली. शहराबाहेर हिंडलग्याच्या वाटेवर एका मोठ्या विहिरीवर पंप बसला होता. त्या विहिरीचं पाणी टाकीत चढवून लोखंडी नळांतून घरोघर आणायचं होतं. गल्ली महिनोन् महिने उकरलेली होती. भरमा त्या चरावरून, मातीच्या ढिगांवरून, कधी एका फळीवरून कावड सावरत पाणी आणत होता. नळ घालणाऱ्या गड्यांना तहान लागली की तेच पाणी न शिवता वरून ओंजळीत ओतत होता. आपलं मरण खणणाऱ्यांना आपणच पाणी पाजतोय हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला वाटत होतं, गटाराचं काम चाललंय.

ते डोक्यात आलं समारंभाच्या दिवशी. गल्लीच्या तोंडाला मांडव घातला होता. आण्णांनी कोट, उपरणं आणि नवा पटका घालून भाषण केलं. घरात "पाणी दे गं" म्हणणारा माणूस तिथं छापील बोलत होता. "बंधू-भगिनींनो, आजपासून आपल्या गल्लीत एकाही माणसाच्या खांद्यावर कावडीचा घट्टा पडणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भरमानंही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता त्याचा एक हात आपोआप खांद्यावरच्या गाठीकडं गेला आणि तिथंच राहिला.

त्या रात्रीचं जेवण दिवस असतानाच उरकलं, तेव्हा आण्णांनी त्याला ओसरीवर बोलावलं. आण्णा माणूस वाईट नव्हता. लहानपणी भरमाच्याच पाठीवर बसून तो शाळेत गेला होता.

"भरमा, लई केलंस आमच्यासाठी. आता सुखानं गावाकडं ऱ्हा. जिथला माणूस तिथं बरा असतोय. तुला नवीन धोतरजोडी काढलीया."

"गावाकडं कोण हाय आण्णा? भाऊ हुतं, ते गेलं. पुतणं मला वळखत न्हाईत."

"वळखतील की. रक्ताचं हाईत."

आपल्याला जिन्याखालची जागा सोडायची आहे, एवढंच भरमाला कळलं. रक्ताचे पुतणे त्याला एकदाच, एका लग्नात भेटले होते आणि त्यांनी त्याला वाढपी समजून पाणी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या मागल्या दारच्या मोरीत नळाची पूजा झाली. पितळेची तोटी चिंचेनं घासून लखलखीत केली होती. आण्णांची बायको कांता, तिनं तोटीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. गल्लीतली चाळीसएक माणसं मोरीत मावण्याचा प्रयत्न करत होती. आण्णांनी आईची शंका आधीच ओळखून तयारी ठेवली होती. तोटीच्या आत चामड्याचं वायसर असतं ही बातमी बस्तीपर्यंत पोचलेली होती, म्हणून त्यांनी मुंबईहून रबराचं मागवलं होतं. ते त्यांनी सगळ्यांना हातात घेऊन दाखवलं, मिस्त्रीकडून सगळ्यांसमोर बसवून घेतलं.

"बघ अव्वा, चामड्याचा कण न्हाय. आता काय शंका?"

"काय न्हाय," आक्का म्हणाल्या.

तोटी सोडली. आधी हवा फुसफुसली, मग गंजाचं तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. बायका 'अगंबाई' म्हणाल्या. भरमा आपलं गाठोडं बांधून दाराशी उभा होता, गर्दी पांगली की आक्कांच्या पाया पडून निघायचं म्हणून. आक्कांनी हंड्याच्या तोंडाला गाळणं बांधलं, नळाचं पाणी गाळलं, गाळणं उलटं केलं, लोटीत खळबळलं. मग लोटी हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि सवयीनं दाराकडं बघून, मधेच थांबून, लेकाला म्हणाल्या, "आणि ही जिवाणी कुठं सोडायची?"

आण्णांनी रबराचा विचार केला होता, गंजाचा केला होता, शिवाशिवीचा केला होता. हा प्रश्न त्यांच्या स्वप्नातही आला नव्हता.

"बस्तीच्या हिरीत सोडू," ते म्हणाले.

"हे जीव त्या हिरीचं न्हवंत. तुझं लेकरू उचलून परक्याच्या घरात टाकलं तर चालंल तुला?"

कुणीतरी मागून सुचवलं की नळातूनच परत घालावी. मिस्त्रीनं हात जोडले. बस्तीतले दोन जाणते बाजूलाच होते. त्यांनी एकमेकांकडं बघून मान हलवली की आक्का म्हणतात ते बरोबर आहे, पाणी जिथलं जिवाणी तिथं. आण्णांचा चेहरा मघाच्या गंजाच्या पाण्यासारखा झाला. आईनं पाणी तोंडात घेतलं नाही तर नळाची सगळ्या गावात शोभा होणार होती.

भरमानं गाठोडं खाली ठेवलं.

"आणा हिकडं आक्का. मी सोडून येतो की."

"हिंडलग्याच्या वाटंला? येवढ्या लांब?" आण्णा म्हणाले.

"त्यात काय? घागरी न्हाईत, लोटी तर हाय."

असा भरमा राहिला. त्या दिवसापासून आण्णांच्या घरी पाणी नळातून यायला लागलं आणि पायी परत जायला लागलं. पूर्वी विहीर तीन गल्ल्या पलीकडं होती, आता तांबडी धूळ तुडवत शहराबाहेर जावं लागे. नळ आल्यामुळं भरमाची चाल वाढली, हे आण्णांनी कुठल्या भाषणात सांगितलं नाही.

विहिरीलगतच्या टाकीवर परशराम नावाचा हिंडलग्याचा एक पहारेकरी होता. अंगात खाकी कोट, हातात काठी आणि डोक्यात साहेबाचा हुकूम. त्यानं पहिल्याच दिवशी वाट अडवली.

"काय हाय त्यात?"

"जीव."

परशरामनं लोटीत डोकावलं. "मला तर काय दिसंना."

"म्हणून तर गाळाय लागतंय."

"हे बघ, पिण्याच्या पाण्यात भायरचं काय वतायचं न्हाय. सायबाचा हुकूम हाय."

"भायरचं न्हवं रं, हितलंच हाय. काल हितनंच गेलंतं."

ह्यावरचं उत्तर साहेबाच्या हुकुमात नव्हतं. भरमानं कनवटीची पुडी काढली. अडत्याच्या घरचा तंबाखू होता, नाकाला लागताच परशरामची काठी खाली आली. दोघं विहिरीच्या कठड्यावर बसले. तंबाखू मळून झाल्यावर परशरामनं स्वतःच दोरी आणून दिली. छोटी बादली खाली उतरली, कलली आणि रिकामी वर आली. "पोचले?" परशरामनं विचारलं. "पोचले," भरमा म्हणाला. पुढं कैक वर्षं हा सवाल-जवाब त्याच ठिकाणी, त्याच सुरात चालला.

सुरुवातीला गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही आपापल्या लोट्या भरमाकडं दिल्या. नवा उत्साह होता. त्यानं माळ्यावरची कावड काढली आणि घागरींच्या जागी लोट्या टांगून तो टाकीवर जाऊ लागला. पण उत्साह पुढच्या पावसाळ्यात चिखलात रुतला. एकेका घरानं जिवाणी गुपचूप मोरी दाखवायला सुरुवात केली आणि बस्तीत मात्र भरमाकडंच देतो असं सांगायला. शेवटी उरल्या त्या आक्का. कांताच्या मनात तेच होतं, पण सासूसमोर ते बोलायची तिची छाती नव्हती.

पिण्याचा एकच हंडा सगळ्या घराचा होता. तो पहाटे नळाखाली भरून चौरंगावर ठेवायचं काम भरमाचं. मग आक्का त्यातलं पाणी गाळायच्या. कावड गेली, तरी आक्कांच्या पाण्याला पहिला हात आपला लागतो, ह्यात भरमाला समाधान होतं. तो आता म्हातारा झाला होता. गुडघे जिना उतरल्यासारखे आवाज करायचे.

मग एका वर्षी गावात पटकीची साथ आली आणि गेली. गेल्यावर म्युनिसिपालिटीनं तातडीची बैठक बोलावली. नळाच्या पाण्यात दवा टाकायची असा ठराव आला. आण्णांनी इकडं तिकडं पाहिलं, सगळ्यांचे हात वर दिसले, त्यांनीही वर केला. घरी येऊन त्यांनी कांताला सांगितलं आणि वर बजावलं, "अव्वाला बोलू नको."

भरमाला ते परशरामकडून कळलं. भरमाची लोटी दिसली न दिसली तोच परशराम म्हणाला, "आता कशाला आणतोस रं? त्यात काय जितं न्हाय. काल बगळ्याच्या पखावानी पांढरी पूड टाकलीया, सध्या चव लागू नये येवढीच. बारकं सारकं सगळं मरतंय म्हनं, त्यासाठनंच टाकत्यात."

"कुणी सांगितलं टाकाय?"

"कमिटीनं. तुमच्या आण्णांनीबी हात वर केला की."

भरमा कठड्यावर बसला. तंबाखूची पुडी तशीच राहिली. तो लोटीत बघत होता. पाणी कालच्यासारखंच होतं, काही दिसत नव्हतं, पण काल न दिसणारं जिवंत होतं आणि आज न दिसणारं मेलेलं होतं. हे आपण आक्कांना पाजलं, आणि वर वाटभर जपत, न डचमळू देता, इथवर आणलं.

त्यानं तरीही बादली खाली सोडली. परशरामनं 'पोचले?' विचारलं नाही.

परत येताना तो मनात हिशेब मांडत होता. आक्कांना सांगितलं तर त्या नळाला हात लावणार नाहीत, हे नक्की. मग बस्तीच्या विहिरीचं पाणी आणायला रोजच्या कावडीचा जवान गडी लागणार. आपल्या गुडघ्यांचा आवाज ओसरीवर ऐकू जातो. नवा गडी आला की त्याला झोपायला जिन्याखालचीच जागा देणार, आणि आपल्याला पुन्हा धोतरजोडी. न सांगावं तर आक्कांनी जन्मभर जे पाळलं ते आपल्याच हातून रोज मोडणार. गल्लीत शिरेपर्यंत त्यानं दोन्हीकडून विचार केला आणि तिसरंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधी भरमा उठला. अंघोळ केली, ओल्या धोतरानं बस्तीच्या विहिरीवर गेला. त्या विहिरीत दवा टाकायला बस्तीच्या पंचांनी हात जोडून नकार दिलेला होता. कावडीची ताकद नव्हती म्हणून त्यानं एकच घागर भरली. वाटेत चारदा टेकवली. घर उठायच्या आत हंडा भरून चौरंगावर ठेवला आणि मग नळ सोडून, खाली बादली लावून आवाज होऊ दिला. आक्का उठल्या, त्यांनी पाणी गाळलं, लोटी हातात दिली. "जपून ने रं." भरमा ती बस्तीच्या विहिरीत सोडून आला. लवकर परतला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून वाटेवरच्या पारावर टाकीच्या वाटेइतका वेळ बसून राहिला.

हे रोजचंच झालं. गल्लीतला घट्टा गेला म्हणून टाळ्या पडल्या होत्या, तो घट्टा अंधारात पुन्हा ओला झाला. आण्णांकडं पाहुणे आले की ते फुलपात्र पुढं करून म्हणत, "घ्या, चव बघा. नळाचं पाणी! विहिरीच्या पाण्याला ही गोडी कुठली?" पाहुणे घोट घेऊन मान डोलवत. दाराशी बसलेला भरमा जमिनीकडं बघे. आण्णांची लबाडी आण्णांना ठाऊक होती, भरमाची भरमाला, आणि दोघंही एकाच बाईपासून आपापली लपवत होते. फरक एवढाच की आण्णांच्या लबाडीला पाय नव्हते, भरमाची रोज घागर उचलायची.

आणि तेच झालं, जे व्हायचं होतं. थंडीच्या दिवसांत विहिरीच्या कडेचा दगड निसरडा होता. भरमाचा पाय सटकला, घागर एकीकडं गेली, तो दुसरीकडं. बस्तीच्या पुजाऱ्यानं त्याला पाठुंगळी आणून जिन्याखाली टाकलं. हाडवैद्य आला, त्यानं घोट्यावर लेप लावून बांबूच्या कांब्या बांधल्या. बिछान्यावरून भरमा सगळ्यांना सांगत होता, "दर्शनाला गेलतो, पडलो." एवढ्या पहाटे कसलं दर्शन, हे कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी हंडा कांतानं भरला. आक्कांनी पाणी गाळलं. आण्णा दुकानाला निघाले होते, त्यांनी फुलपात्र भरून तोंडाला लावलं आणि पहिला घोट मोरीत थुंकला.

"छ्या! कुणी काय कालवलंय ह्यात?"

"तुमीच की," कांता म्हणून गेली. "हात वर केलतासा न्हवं?"

बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली, पण शब्द सासूच्या कानात पोचला होता. आक्कांनी लेकाकडं बघितलं. मग स्वतः एक घोट घेतला आणि तोंडात तसाच धरून ठेवला. आण्णांना सगळं सांगावं लागलं. ठराव, पांढरी पूड, साथीची खबरदारी. छापील भाषेत सुरू केलं आणि शेवटी शेवटी लहान मुलासारखं बोलायला लागले. आक्कांनी घोट थुंकला.

"हे नळाचं. मग कालपतूर मी पीत हुते ते कुठलं?"

जिन्याखालून आवाज आला, "बस्तीच्या हिरीचं, आक्का."

भरमा कोपरावर रेटून उठायचा प्रयत्न करत होता. त्यानं सगळं सांगितलं. पारावर बसून वेळ काढायचा तेही सांगितलं. "मी लबाडी केली. तुमास्नी सांगितलं असतं तर दुसरा गडी आला असता, मी कुठं गेलो असतो? न्हाय सांगवलं. पाय जरा बरा झाला की गावाकडं जातो मी."

आण्णांना सुटायला फट मिळाली. आईची नजर आपल्यावरून हटली आहे तोवर प्रकरण मिटवावं म्हणून ते घाईनं म्हणाले, "तेच बरं. अव्वा, तूच म्हणतीस न्हवं, जीव जिथला तिथं सोडावा? गाडी करून देतो त्याला. पाणी आणाय उद्यापासनं चांगला गडी बघतो."

आक्का जिन्यापाशी आल्या. भरमाच्या बांधलेल्या पायाकडं त्यांनी बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज फौजदाराचाच होता.

"व्हय, मीच म्हणते. जिथला तिथं सोडावा. तरणा हुता तवापासनं हा ती हीर न् ही मोरी ह्यातच हाय. गावाकडच्या पाण्याचा ह्याच्या अंगात थेंब उरला न्हाय. हा हितला हाय, जिनदत्ता. ह्याला हालवायचा न्हाय." मग वळून त्या लेकाला म्हणाल्या, "आणि गडीबिडी नको. हात वर केलास न्हवं? आता तोच खाली घे आणि घागर उचल. मारायचं ठराव करून आणि आणायचं पगार दिऊन, असं न्हाय चालायचं. तू आणणार नसलास तर मी जाते." आणि पाखराएवढी बाई कमरेवर रिकामी घागर घेऊन खरंच दाराकडं निघाली.

म्युनिसिपालिटीच्या मेंबराची आई, मेंबराच्याच नळावरून, भरबाजारात घागर घेऊन विहिरीवर! आण्णांनी पळत जाऊन घागर हिसकावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिनदत्त आण्णा ओलं धोतर नेसून, कुडकुडत, घागर खांद्यावर घेऊन गल्लीतून येताना दूधवाल्याला दिसले. त्यानं विचारायच्या आधीच आण्णा म्हणाले, "डाक्टरनी व्यायाम सांगितलाय." पुढं गल्लीत आणखी दोघा-तिघांना, ज्यांच्या आया अजून जिवंत होत्या, त्याच डाक्टरनं तोच व्यायाम सांगितला. चकचकीत तोटीखाली आता पाय धुतले जात.

त्या पहिल्या दिवशी आक्कांनी पाणी गाळलं, जिवाणीची लोटी लेकाच्या हातात दिली, "जपून ने" म्हणाल्या, आणि हंड्यातलं पहिलं फुलपात्र भरून जिन्याखाली आणलं. आण्णा उजवा खांदा चोळत मागं उभे होते. भरमा दोन्ही हातांनी फुलपात्र धरून बसून राहिला. त्याला पिता येईना. साऱ्या जन्मात त्यानं किती पाणी वाहिलं ह्याला गणती नव्हती, पण दुसऱ्या कुणी आणलेलं पाणी त्याच्यापुढं आजवर आलं नव्हतं. ते कसं प्यायचं असतं हेच त्याला कळेना.

"पी की रं," आक्का म्हणाल्या.

तो प्याला. रडू आवरत, हळूहळू, सगळं प्याला. पाणी त्याच विहिरीचं होतं, पण त्याला राखेची चव लागली. आण्णांनी घागर राखेनं घासल्यावर नीट विसळली नव्हती. भरमानं ते कुणाला सांगितलं नाही.